तेरणेच्या काठी गळ

तेरणा ही काही मोठी नदी नव्हे. बालाघाटाच्या डोंगरात तेरखेड्याजवळ ती उगम पावते, धाराशिव जिल्ह्यातील काळ्या रानांतून वाट काढीत जाते आणि पुढे मांजरेला मिळते. मांजरा आपले पाणी गोदावरीला देते. पावसाळ्यात तेरणा दोन्ही काठ भरून वाहते. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून गुडघा न भिजविता पलीकडे जाता येते. याच नदीच्या काठी तेर हे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर असे होते. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असा उल्लेख ग्रीक भाषेतील एका प्राचीन ग्रंथात आहे. पुढे संत गोरोबाकाकांमुळे हे गाव वारकऱ्यांच्या ओठी आले. व्यापार गेला, जुने नगर मातीखाली गेले. नदी मात्र राहिली आणि तिच्या डोहांतील मासेही राहिले.

पाऊस ओसरून पाणी निवळले, की अशा नदीच्या डोहाकाठी कधी कधी एक जोडी बसलेली दिसते. एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. तो त्यांचा नातू असतो, पुतण्याचा मुलगा असतो, नाही तर शेजारच्या घरचा असतो. तो त्यांना आबा म्हणतो. दोघांच्या हाती एकेक वेळूची काठी असते आणि दोघांची दृष्टी पाण्यावर खिळलेली असते.

जाळे टाकून मासे धरणे हा भोई लोकांचा पिढीजात व्यवसाय आहे. त्यावर त्यांचे घर चालते. मोठ्या तलावांत मासे धरण्याचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. तेथे त्यांना विचारल्यावाचून गळ टाकणे योग्य नव्हे. गळाची गोष्ट वेगळी आहे. जाळ्यात एका वेळी शंभर मासे येतात. गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि पुष्कळदा तोही लागत नाही.

गळाचे साहित्य अगदी थोडे असते. वेळूची लवचिक काठी, तिच्या टोकाला बांधलेला दोरा, दोऱ्याच्या शेवटी पोलादी आकडा. पूर्वी दोरा सुताचा असे. आता सर्वत्र नायलॉनचा तंगूस वापरतात. आकड्याच्या टोकाशी एक बारीक उलटा काटा असतो, त्यामुळे एकदा रुतलेला गळ सहजी निघत नाही. आकड्याच्या थोडे वर शिशाचा तुकडा बांधतात, म्हणजे आमिष खाली बसते. त्याच्याही वर मोराच्या पिसाचा देठ किंवा ज्वारीच्या वाळलेल्या ताटातील हलका गाभा अडकवितात. तो पाण्यावर तरंगत राहतो. खाली मासा आमिषाला तोंड लावतो आणि वर तो तुकडा थरथरतो. सगळे लक्ष ठेवायचे ते त्या थरथरीवर.

मुलाला प्रथम शिकावे लागते ते चालणे. काठावरून धपधप पावले टाकीत गेले, की मासे दूर पळतात. माशाला बाहेरून दिसणारे कान नसतात, परंतु डोक्याच्या आत ऐकण्याचे इंद्रिय असते. शिवाय त्याच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील हलका धक्काही या रेघेतील इंद्रियांना कळतो. हळू आवाजात बोलले तर त्याचे फारसे बिघडत नाही, कारण हवेतील आवाजाचा फार थोडा भाग पाण्यात शिरतो. जमिनीवर आपटलेल्या पावलाचा हादरा मात्र सरळ पाण्यात जातो. म्हणूनच आबा गोष्टी सांगतात, पण पाय आपटू देत नाहीत.

दुसरी गंमत डोळ्यांची. स्वच्छ पाण्यात मासा जेथे दिसतो, तेथे तो नसतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतो, त्यामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. पाण्यात अर्धी बुडविलेली काठी मोडल्यासारखी भासते, त्याचे कारणही हेच. मुलगा माशाच्या नाकासमोर म्हणून गळ टाकतो आणि तो त्याच्या पाठीवरून निघून जातो. दोन-चार वेळा असे झाले, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील धडा कायमचा ध्यानात राहतो.

कोणता मासा कोठे सापडेल, हे त्याच्या तोंडावरून ओळखता येते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळचे बारीक जीव टिपतो. मृगळ तळाशी चरतो. रोहू बहुधा मधल्या पाण्यात असतो. हे तिघे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातील रहिवासी. दक्षिणेतील तलावांत माणसाने त्यांना आणून सोडले. कणकेची गोळी त्यांना आवडते. वाम हा सापासारखा लांब मासा दिवसा दगडांच्या सांदीत दडतो आणि संध्याकाळी गांडुळाला भुलतो. शिंगाड्याच्या तोंडाशी मिशा असतात आणि परांत टणक काटे असतात. त्याला मुठीत धरायला गेलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही. चिलापी हा तर परदेशी पाहुणा. तो आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आला. त्याची मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते, आणि तो वर्षातून अनेकदा वितो. पाहुणा घरात शिरला आणि घरधनी होऊन बसला, असेच त्याच्या बाबतीत अनेक जलाशयांत घडले आहे.

वडीलधाऱ्याने लहानाला गळ शिकवावा, ही रीत जगात जुनी आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन नावाच्या लेखकाने १६५३ साली ‘द कम्प्लीट अँगलर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक जाणता गळवाला आणि एक नवखा यांचा संवाद आहे. त्या देशात ट्राउट आणि सामन यांना उच्च कुळीचे मासे मानीत आणि बाकीच्या गोड्या पाण्यातील माशांना ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे म्हणत. गंमत अशी, की आज तेथील हजारो लोक हेच जाडेभरडे मासे मोठ्या हौसेने धरतात आणि पुष्कळदा पुन्हा पाण्यात सोडून देतात. त्यांच्या विणीसाठी इंग्लंडातील नद्यांवर १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत त्यांना धरण्यास मनाई असते.

परंतु वॉल्टनच्याही पाचशे वर्षे आधी आपल्याकडे या विषयावर लिहिले गेले होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते तेरपासून फार दूर नाही. राज्यकारभार, पाकक्रिया, संगीत, खेळ असे नाना विषय त्या ग्रंथात आहेत आणि त्यांत ‘मत्स्यविनोद’ या नावाने गळाच्या खेळाचेही प्रकरण आहे. काठी कशी असावी, दोरा कशाचा करावा, कोणत्या माशास कोणते खाद्य घालून वश करावे, हे राजाने बारकाईने सांगितले आहे. मासेही निरनिराळे नावांनिशी वर्णिले आहेत. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात या प्रकरणाचा अभ्यास करून ते विद्वानांच्या नजरेस आणले. राज्याची चिंता वाहणारा एक राजा पाण्याकाठी इतका वेळ स्वस्थ बसत असेल, हे वाचून नवल वाटते.

मासे धरण्यापेक्षा न धरणे शिकविणे अधिक कठीण असते. मार्च-एप्रिलात नदीची धार तुटते आणि पात्रात वेगवेगळे डोह उरतात. पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे धापा टाकीत वर येतात. त्या वेळी लहान मूलही ओंजळीने मासे धरू शकेल. जुने जाणते लोक अशा डोहात गळ टाकीत नाहीत. त्या डोहातील मासे हेच पुढल्या पावसाचे बियाणे असते. डोहही आटला, तर पुढे काय? २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील कितीतरी जलाशय कोरडे पडले. मांजरा धरण आटले आणि लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. जेथे माणसांचे असे हाल, तेथे माशांची काय कथा!

अशा कोरड्या पडलेल्या तलावांत पुन्हा मासे येतात, त्याचे पुष्कळसे श्रेय हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांना आहे. रोहू, कटला व मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात ते सहसा वीत नाहीत. चौधरींनी माशांच्या मेंदूतील पोष ग्रंथीचा अर्क काढून तो दुसऱ्या माशांना टोचला आणि १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे अशा जातीच्या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यबीज तयार करून तळ्यांत सोडणे शक्य झाले. मात्र शिंगाडा, वाम यांसारखे नदीचे जुने रहिवासी अजूनही बहुधा नदीच्याच भरवशावर असतात. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. तरीही काही लोक तसे करतात, आणि लहानमोठे सगळेच मासे एका दमात मरतात.

मरळ हा या डोहांतला सर्वांत मानाचा मासा. बाजारात त्याला चांगला भाव येतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्या साहाय्याने तो हवेतही श्वास घेतो. म्हणून गढूळ, कोंदट पाण्यातही तो तग धरतो. पावसाळ्याच्या दिवसांत त्याची पिले निघतात. शेकडो पिलांचा नारिंगी थवा पाण्याच्या वरच्या थरात एकवटून फिरतो आणि आईबाप खालून पहारा करतात. पिलांजवळ काहीही पडले, बेडूक असो की काडी, तरी मरळ त्यावर तुटून पडतो. भूक नसली तरीही तो गळ पकडतो. थव्यात आमिष टाकले, की मरळ हमखास लागतो, हे गळवाल्यांना ठाऊक आहे. आणि तो काढून नेला, की इतर मासे, बगळे व पाणसाप त्या पिलांचा फडशा पाडतात, हेही ठाऊक आहे.

एखाद्या सकाळी असे घडते, की मुलाचा गळ नकळत अशा थव्याशेजारी पडतो. काठी एकदम वाकते. मुलगा दोरा कधी ढिला सोडतो, कधी ताणतो. मासा दमतो आणि काठाशी येतो. हातभर लांबीचा मरळ! एवढा मासा त्याने आजवर धरलेला नसतो. घरी नेला तर सारी आळी पाहायला येईल. तेवढ्यात पाण्यावर नारिंगी बुडबुडे उठल्यासारखे दिसतात. पिले सैरभैर होऊन तेथेच घोटाळत असतात.

“आबा, ही याचीच पिलं?”

“त्याचीच.”

“मग सोडायचा का?”

“गळ तुझ्या हातात आहे, बाळ,” आबा म्हणतात आणि आपल्या तरंगत्या पिसाकडे पाहू लागतात.

मुलगा बराच वेळ ओणवा राहतो. मग हात ओले करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग जडतो. आकडा हलकेच मागे दाबून तो उलटा काटा मोकळा करतो. मरळ क्षणभर उथळ पाण्यात तसाच पडून राहतो, कल्ले हलवितो आणि शेपटीच्या एका फटक्यासरशी काळोख्या पाण्यात दिसेनासा होतो. थोड्या वेळाने तो नारिंगी थवा पुन्हा एकत्र येतो व डोहाच्या पलीकडल्या अंगास सरकू लागतो. मुलगा तुटलेला तंगूस उचलून खिशात घालतो, नव्या आकड्याला गांडूळ लावतो आणि चार पावले दूर जाऊन बसतो.