वीतभर गिरण

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंबा मिळतो, फणस मिळतो, केळ्यांचा घड मिळतो. ज्या लेथवर तो आंबा कातला गेला, त्या लेथची प्रतिकृती मात्र मिळत नाही. कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही, इतकं ते सरळ आहे. पण या जिल्ह्यात हात नाहीत असं कुणी म्हणू नये. दशावतारी गंजिफाचा एक संच म्हणजे १२० गोल पानं, आणि तळहाताहून लहान त्या प्रत्येक पानावर हाताने चितारलेलं काम. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारखाना काढून ही कला सावरली. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर कागदावर एक रेघ न मारता, डोळ्याच्या मापावर होड्या बांधणारे सुतार होते. गावोगावच्या गणेशशाळांमधल्या मूर्तिकारांना पापणीची रेषा एका दमात ओढता येते. एवढी कारागिरी असताना यंत्रांची हुबेहूब छोटी रूपं करण्याचा नाद आपल्याकडे का रुजला नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडलेला आहे.

'आमच्याकडे भातुकली आहे की,' असं यावर उत्तर येतं. आहे, आणि ती सुरेख आहे. पुण्याच्या विलास करंदीकरांनी जमवलेल्या हजारो वस्तूंच्या संग्रहात जातं, उखळ, बंब, पाटा-वरवंटा सगळं सापडतं. पण भातुकलीला माप नसतं. तिथे चूल आणि जातं एकाच उंचीचं असलं तरी खेळणाऱ्या मुलीचं काही अडत नाही. प्रतिकृतीचं मात्र तिथेच अडतं. एक प्रमाण ठरलं की यंत्राच्या पायापासून बोल्टच्या डोक्यापर्यंत सगळं त्याच प्रमाणात आलं पाहिजे. प्रतिकृतीची किंमत या मापात आहे, झिलई नंतरची.

महाराष्ट्रात मापाची कदर अगदीच नव्हती असं नाही. भायखळ्याचं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे जहाजांच्या प्रतिकृती आहेत, निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्तीही आहेत. पुण्यात कोथरूडला जोशी कुटुंबाने १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. सिग्नल, रूळ, पूल, गाड्या सगळं १:८७ प्रमाणात, आणि चालतं. एका माणसाचा छंद घरच्यांनी सांभाळला की काय उभं राहतं, ते तिथे दिसतं. इंग्लंडमध्ये तर या छंदाला वाहिलेलं 'मॉडेल इंजिनियर' नावाचं नियतकालिक १८९८ साली निघालं. घरामागच्या खोपटात बसून चालतं वाफेचं इंजिन कातणाऱ्या कारकुनांच्या आणि मास्तरांच्या पिढ्या त्याने घडवल्या.

छोट्या यंत्राने मोठ्याची चूक दाखवल्याचं उदाहरणही तिकडचंच. १७६३-६४च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आलं. ते धडपणे चालेना, कारण छोट्या सिलिंडरचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने जास्त असतो आणि तो भराभर निवतो. मोठ्या इंजिनातही तीच उष्णता वाया जात होती, फक्त इतकी डोळ्यांत भरत नव्हती. त्यातून वेगळ्या कंडेन्सरची कल्पना निघाली आणि १७६९ साली तिचं पेटंट झालं. चालती प्रतिकृती करायला निघालेल्याने हे ध्यानात ठेवावं: प्रमाण एक दशांश केलं तर वजन हजारांश होतं, पण लोखंडाची ताकद शतांशच होते. म्हणून छोटं यंत्र हवं तर चालतं करा, पण मोठ्याच्या कामाचा हिशेब त्यावरून सरळ मांडू नका. मला स्वतःला न चालणारी, पण खरी दिसणारी प्रतिकृती अधिक महत्त्वाची वाटते.

सिंधुदुर्गात कशाची प्रतिकृती करावी? माझं पहिलं मत भातगिरणीला. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली सिमेंटचा कोबा. एका कोपऱ्यात दोन जड फ्लायव्हीलचं संथ डिझेल इंजिन, शेजारी थंड पाण्याचं पिंप. इंजिन कधी लिस्टरचं, कधी त्याच धाटणीचं राजकोटचं (गुजरातच्या, आपल्या मालवणच्या राजकोटाला इंजिनांशी देणंघेणं नाही), कधी सातारारोडच्या कूपरचं, कधी किर्लोस्करांचं. इंजिनावरून रुंद पट्टा वरच्या शाफ्टवर जातो, शाफ्टवरच्या पुल्यांवरून एक पट्टा हलरला आणि एक पिठाच्या चक्कीला. एक इंजिन, एक शाफ्ट आणि सगळी कामं: एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्याची ही अख्खी व्यवस्था आपल्याकडे उकडा तांदूळ काढणाऱ्या खोपीत टिकून राहिली. वीज आली, प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली, आणि वरचा शाफ्ट निरुपयोगी होऊन भंगारात गेला. दुसरं मत बंदराजवळच्या वर्कशॉपला, जिथे होडीचा वाकलेला प्रोपेलर शाफ्ट लेथवर सरळ होतो. बर्फाच्या कारखान्यातला जुना अमोनिया कंप्रेसर तिसरा.

प्रमाण कुठलं घ्यावं? जुन्या यंत्रांची मापं फूट-इंचांत असल्याने १:१२ किंवा १:२४ सोयीचं. एका फुटाला एक इंच, नाहीतर अर्धा. १:२४ मध्ये सहा फुटी लेथ तीन इंचांचा होतो आणि अठरा फूट लांबीची गिरण बरोबर एका वितीत बसते. मात्र इतक्या लहान आकारात काय सोडायचं हे कळावं लागतं. दहा मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. १:२४ मध्ये ते ०.०६ मिलिमीटर. असे आटे पाडायच्या भरीस पडू नये, डोळा ते पाहूच शकत नाही. बोल्टचं षटकोनी डोकं मात्र दिसतं, आणि तिथे गोल टाचणी खपवली तर सगळं खोटं पडतं. पट्ट्यासाठी पातळ तासलेलं कातडं उत्तम. तो ताणून बसवू नये. खरा पट्टा किंचित सैल असतो आणि त्याच्या सांध्यावर क्लिपांची रांग असते.

रंगकामात आपले बहुतेक होतकरू कारागीर फसतात, कारण आपल्याला चकचकीत म्हणजे चांगलं असं शिकवलेलं आहे. लाखेच्या कामात चमक हाच प्राण असतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती वितळते आणि रंग लाकडाला धरतो. आंब्याला ते शोभतं. लेथला नाही. ब्रशने दिलेला रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड असला, तर १:२४ च्या हिशेबाने यंत्रावर सुमारे अडीच मिलिमीटरचा लेप बसला. कडा बुजतात, यंत्राचं खेळणं होतं. म्हणून रंग पातळ, मॅट आणि मूळ छटेहून किंचित फिका घ्यावा. लहान वस्तूवर गडद रंग आहे त्याहून गडद दिसतो.

मग यंत्र जुनं करायचं. पण सरसकट तांबूस रंग फासला म्हणजे गंज झाला असं नाही. यंत्राचं वय वापरातून दिसतं. लेथच्या बेडवरचे सरकमार्ग तेलाने आणि घासण्याने उजळ असतात, चकचे जबडे उजळ असतात, टेलस्टॉकच्या चाकाची मूठ हातांनी गुळगुळीत झालेली असते. रंग उडतो तो कामगाराची ढोपरं आणि पाने आपटतात तिथे. तेलाच्या कपाखाली काळा ओघळ असतो. गंज चढतो तो हात न लागणाऱ्या जागी, पायांच्या तळाशी, मागच्या बाजूला. खारं वारं आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस असलेल्या आपल्या जिल्ह्यात तो देशावरच्यापेक्षा लवकर येतो. बिडाच्या ओतीव भागावर तो गडद तपकिरी बसतो, पोलादी पत्र्याचे पापुद्रे सुटतात. उजळ कडांसाठी मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळावं. गंजासाठी रंगीत खडूची पूड पुरते.

भातगिरणीचं जुनेपण आणखी वेगळं. तिथे गंज कमी, कोंडा फार. हलर, भिंत, वासे, कोळिष्टकं, सगळ्यांवर पिवळट धूळ, आणि जिथे ग्रीस आहे तिथे तिचा घट्ट काळपट लगदा. कोकणाबाहेरच्या कुणी छायाचित्रावरून ही गिरण केली तर तो तिला गंज चढवील. ते चूक ठरेल, आणि ते चूक आहे हे फक्त इथल्या माणसाला कळेल. चिऱ्याच्या भिंतीला बुचाचा पत्रा वापरून पाहावा. त्याची भोकं जांभ्यासारखीच दिसतात, रंग तेवढा द्यावा लागतो.

ज्यांना रंगाचं अंग नाही त्यांनी मागे हटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. डोळ्यांना रंग नीट उमगत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, पुढे व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. काटेकोर आरेखन करणारा एक आणि रंगवणारा दुसरा, अशी जोडी या कामात उत्तम जमते.

थ्रीडी प्रिंटरबद्दल हल्ली सगळे विचारतात. दातेरी चक्रं, पुलीचे आरे, कंप्रेसरच्या पंख्या यांसाठी तो वापरावा. त्यात कमीपणा नाही. पण जी मापं तुम्ही घेतलीच नाहीत ती प्रिंटर कुठून आणणार? परदेशी लेथची तयार फाइल उतरवून छापली की मिळतो तो परदेशी लेथ. कुडाळच्या वर्कशॉपातला लेथ, ज्याच्या एका पायाखाली फळकूट सारलेलं आहे, तो मिळत नाही.

हे सगळं ठेवायचं कुठे, ही अडचण सांगू नये. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीचं संग्रहालय मांडलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत, चितारआळी आहे. तंत्रनिकेतनच्या मुलांनी मोजायचं, आयटीआयच्या मुलांनी घडवायचं, चिताऱ्यांनी रंगवायचं, एवढी सांगड कुणीतरी घालून द्यायला हवी.

तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या वाडीत बंद पडलेली भातगिरण असेल आणि तिचा शाफ्ट अजून वर असेल, तर सुट्टीत टेप घेऊन जा. पुल्यांचे व्यास, शाफ्टची जमिनीपासूनची उंची, पट्ट्याची रुंदी, इंजिनाच्या पाटीवरची अक्षरं लिहून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि मालकाला त्याची एक प्रत द्या. भंगारवाला किलोवर बोली लावतो आणि तासाभरात कापून नेतो. त्यानंतर मोजायला काही उरत नाही.