विश्लेषण : एमसीबी असूनही घरातील वायरिंग का जळते?

आगीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे’ हा शब्द हमखास येतो. पण घरातील वीजजोडणी तापण्यामागे अनेकदा शॉर्टसर्किट नसतेच. असतो तो दाराजवळच्या एमसीबी बॉक्समधला, म्हणजे डीबीमधला, एखादा सैल स्क्रू. गंभीर बाब ही, की अशा वेळी एमसीबी पडत नाही.

एमसीबी नेमके काय ओळखतो?

एमसीबी दोनच गोष्टी ओळखतो. वायरला सोसवेल त्यापेक्षा जास्त प्रवाह आणि शॉर्टसर्किट. आरसीसीबी जमिनीकडे गळणारा प्रवाह पाहतो. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलीअँपिअर गळतीला वीज तोडतो. सैल जोडणीत प्रवाह वाढत नाही आणि गळतही नाही. त्यामुळे दोन्ही उपकरणे चालूच राहतात.

मग उष्णता येते कुठून?

2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे साडेआठ अँपिअर प्रवाह घेतो. स्क्रू सैल झाल्याने त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला, तर तेवढ्याशा ठिकाणी सुमारे 35 वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातील साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते! प्रवाह मात्र 16 अँपिअरच्या एमसीबीच्या मर्यादेत असतो. तापण्या-थंडावण्याने जोडणी आणखी सैल होते, तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो आणि शेवटी वायरचे आवरण वितळते.

जोडणी सैल का होते?

पहिले कारण, एकाच एमसीबीच्या स्क्रूखाली दोन वायर कोंबणे. नवा एसी किंवा इन्व्हर्टर बसवताना हे सर्रास होते. वायर वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर जाड वायर घट्ट बसते आणि बारीक मोकळी राहते. त्या उपकरणाने दोन वायरींची परवानगी दिलेली नसेल, तर एका टर्मिनलला एकच वायर हवी.

दुसरे, वायर स्क्रूत बसावी म्हणून तिच्या काही तारा कापून टाकणे. यासाठी लग लावणे हा योग्य मार्ग आहे. तिसरे, जुन्या इमारतींतील ॲल्युमिनियमची वायर. ती तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबते आणि थेट तांब्याला जोडल्यास दमट हवेत सांधा गंजतो. किनारपट्टीवरील घरांत याकडे विशेष लक्ष हवे.

न्यूट्रल सुटला तर?

थ्री-फेज जोडणीत मुख्य न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर कमी भार असलेल्या फेजवरील व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेने चढू शकते. फ्रिज, टीव्ही, राउटर एकाच वेळी जळण्याचे हे एक कारण. सोसायटीच्या मीटर रूममधील न्यूट्रल सुटला, तर सिंगल-फेज सदनिकांनाही याचा फटका बसतो.

कोणती लक्षणे ओळखावीत?

गिझर किंवा एसी सुरू होताच दिवे लुकलुकणे, डीबीतून चरचर आवाज, जळक्या प्लास्टिकचा वास, एखाद्या एमसीबीचा रंग तपकिरी पडणे. यातील काहीही आढळल्यास तो भार बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. स्पार्किंग किंवा धूर दिसला, तर सुरक्षितपणे शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करून बाहेर पडावे. पाणी टाकू नये.

तपासणी कोणी करावी?

डीबीचे झाकण स्वतः उघडू नये. मुख्य स्विच बंद केल्यावरही त्याच्या मीटरकडील टर्मिनलमध्ये वीज असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार बल्ब, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता असे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. त्याच्याकडून प्रत्येक स्क्रू कंपनीने सांगितलेल्या दाबाने घट्ट करून घ्यावा. भार सुरू असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहिल्यास तापलेला सांधा लगेच दिसतो.

जुनी सदनिका घेताना रंग, फरशी, नळ पाहिले जातात. त्या यादीत डीबीची तपासणीही हवी. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. एमसीबीची क्षमता भिंतीतील वायरच्या जाडीवर ठरते.