आमच्या घरी स्पीकर येतो

दिवाणखान्यासाठी स्पीकर घ्यायचे ठरले आणि आमच्या घरात ताबडतोब दोन पक्ष पडले. चिरंजीवांना छाती हादरवणारा ‘बास’ हवा होता. सौभाग्यवतींना पडद्यांच्या रंगाला शोभतील अशी खोकी. ज्यांच्यासाठी हा घाट घातला होता ते अण्णा, म्हणजे माझे वडील, पलंगावर स्वस्थ पडून होते.

गोष्ट अशी की, २००२ साली एम.ए.च्या प्रबंधासाठी मी आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे आई गेली. ओव्या कॅसेटवरून मोबाइलवर आल्या. अण्णा त्या रोज लावायला सांगत आणि रोज म्हणत, “आवाज येतो रं, पण ती काय म्हणती ते उमगंना.”

नुसता आवाज वाढवून भागत नव्हते. वय झाले की कान आधी उंच पट्टीचे ध्वनी गमावतो. स्वर दांडगे, ते पोचतात. शब्दाला शब्दपण देणारी व्यंजने मात्र नाजूक. ‘स’चा बराचसा जोर तर ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो. वर्गात वर्णमाला शिकवताना हे मला कधी सुचले नव्हते! चिरंजीवांचा बास आणला असता, तर अण्णांना घुमारा तेवढा मिळाला असता.

नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचे) दुकानदाराने वॅटचे मोठमोठे आकडे ऐकवले. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो जेमतेम तीन डेसिबल. शिवाय दोन स्पीकरांत जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला सरस वाटतो. म्हणून मी आवाज सारखा ठेवायला लावला आणि सिनेमाच्या गाण्याऐवजी आईची ओवी लावली. बिचारा दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला. तिसऱ्या जोडीत जात्याची घरघर मागे सरली आणि आई पुढे आली. जोडी लहानशीच; पाच इंची पडदा आणि वर उंच ध्वनींसाठी निराळा ट्वीटर.

आष्टीला २०२२ साली रेल्वे आली खरी, पण खोकी सांभाळायला मला आपली एस.टी.च बरी वाटली. कडा गाव मागे टाकून तिन्हीसांजेला घरी पोचलो.

घरी पुन्हा निराशा! खाली शहाबादी फरशी, चहूकडे कोऱ्या भिंती. टाळी वाजवली तरी खोली खणाणे. त्यात सौभाग्यवतींनी स्पीकर कोपऱ्यात ठेवलेले. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि शब्द बुडतो. मग सतरंजी अंथरली, जाड पडदे लावले, माझे पुस्तकांचे कपाट समोरच्या भिंतीला आणले. स्पीकर दोन स्टुलांवर, पलंगापासून चार फुटांवर, अण्णांच्या कानाच्या उंचीला. अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, तोही फुकटात.

ओवी लागली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. एका ओळीशी त्यांनी हात वर केला.

“इथं काय लिवलंस तू तुझ्या पुस्तकात?”

“खडा,” मी म्हणालो. जात्यात आलेला खडा म्हणजे सासुरवासाचे प्रतीक, असे मी प्रबंधात दीड पान लिहिले होते आणि परीक्षकांनी ते वाखाणलेही होते.

“खडा न्हाई रं,” अण्णा म्हणाले, “कडा. तिचं आजोळ कड्याचं. लाव, परत लाव.”