पंधरा नांवांची यादी

एखाद्या मोठ्या स्पर्धेसाठीं आपल्या देशाचा संघ निवडला गेला, म्हणजे दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत पंधरा नांवांची एक चौकट छापून येते. ही चौकट घरोघर वाचली जाते ती साधारणतः अशी : पहिलीं चार-पांच नांवें मोठ्यानें, पुढचीं मनांतल्या मनांत, आणि शेवटचीं तीन-चार मुळींच नाहीं. मीहि वर्षानुवर्षें ती तशीच वाचीत आलों. परंतु १९ ऑगस्ट २०२५ रोजीं महिलांच्या विश्वचषक स्पर्धेसाठीं भारताचा संघ मुंबईस जाहीर झाला, आणि पुढील अडीच महिन्यांत त्या यादीचें जें कांहीं झालें, तें पाहिल्यावर मला वाटूं लागलें कीं, अशी यादी वाचावी कशी हें आपण कधीं शिकलोंच नाहीं. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय तेवढाच आहे.

मैदानावर अकराजणी खेळतात. मग नांवें पंधरा कशासाठीं? कोणी आजारी पडली तर हाताशीं असाव्यात म्हणून, असें उत्तर सामान्यतः मिळतें. तें खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. त्या यादीचीच फोड करून पाहूं. डावाचा आरंभ करण्यास स्मृति मानधना व प्रतिका रावल ह्या दोघी. मधल्या फळींत हरलीन देओल, जेमिमा रॉड्रिग्ज व कर्णधार हरमनप्रीत कौर. यष्टिरक्षणास ऋचा घोष व यास्तिका भाटिया. फलंदाजी व गोलंदाजी दोन्ही करणाऱ्या दीप्ति शर्मा, स्नेह राणा व अमनजोत कौर. डाव्या हातानें फिरकी टाकणाऱ्या राधा यादव व श्री चरणी. आणि जलद गोलंदाजीसाठीं रेणुका सिंह ठाकूर, क्रांति गौड व अरुंधती रेड्डी. ह्या पंधरांखेरीज आणखी सहाजणींची एक राखीव यादी होती. तींत आपल्या महाराष्ट्राची तेजल हसबनीस व मुंबईची सायली सातघरे ह्यांचीं नांवें होतीं.

म्हणजे ही यादी पंधरा गुणवान मुलींची नसून, पंधरा निरनिराळ्या कामांची आहे. एकाच कामाच्या चारजणी उत्तम असल्या तरी त्यांतील दोघींना घरीं राहावें लागतें, आणि दुसऱ्या कामाची साधारण खेळाडू आंत येते. गुणानुक्रमानें निकाल लावण्याची संवय जडलेल्या आम्हां शिक्षकांना ही गोष्ट प्रथम अन्यायाची वाटते.

निवडसमिति पंधरा नांवें देते. त्यांतून अकरा काढावयाचीं तीं कर्णधार व प्रशिक्षक ह्यांनीं, आणि तींहि त्या दिवसाची खेळपट्टी व समोरचा संघ पाहून. ही वाटणी किती नाजूक असते, हें त्या स्पर्धेंतच दिसून आलें. १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणम् येथें भारतानें ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० धांवा केल्या, तरी सामना हातचा गेला. मुख्य गोलंदाज पांचच होत्या. एखादीचा दिवस वाईट गेला तर तिच्या जागीं चेंडू देण्यास सहावी नव्हती. तेव्हां पुढच्या, १९ ऑक्टोबरच्या इंदूरच्या सामन्यांत इंग्लंडविरुद्ध सहावी गोलंदाज घेतली. त्यासाठीं कोणाला तरी बाहेर बसविणें प्राप्तच होतें. बाहेर बसली जेमिमा रॉड्रिग्ज. त्या दिवशीं गोलंदाजी भरली, पण २८९ धांवांचा पाठलाग करतांना संघ अवघ्या ४ धांवांनीं कमी पडला. आमच्या सोलापुरांत चादरी पुष्कळ, पण ही चादर मात्र सदा तोकडीच : डोक्यावर ओढावी तर पाय उघडे पडतात.

बाहेर बसलेली जेमिमा लगेच पुढच्या सामन्यांत परत आली आणि तिनें न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धांवा केल्या. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईस उपान्त्य सामन्यांत ऑस्ट्रेलियानें ३३८ धांवा केल्या असतां, हिनें नाबाद १२७ धांवा काढून सामना जिंकून दिला. आपण तिसऱ्या क्रमांकावर खेळावयाचें आहे, हें तिला मैदानांत उतरण्यापूर्वीं कांहीं मिनिटेंच कळलें होतें, असें तिनें मागाहून सांगितलें. ह्याच जेमिमाला २०२२ च्या विश्वचषकाच्या यादींतून पार वगळण्यांत आलें होतें.

आतां मागें वळून थोडें पाहिलें पाहिजे. कारण पंधरा नांवांची चिंता करावी लागणें हेंहि एक ऐश्वर्य आहे. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ सालीं इंग्लंडांत झाला. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनीं, १९७५ सालीं. ह्या क्रमाचा बऱ्याच जणांना पत्ता नसतो. त्या पहिल्या स्पर्धेंत सात संघ होते. त्यांत इंग्लंडच्याच तरुण मुलींचा एक निराळा संघ होता आणि निरनिराळ्या देशांतील खेळाडू मिळून बनलेला आणखी एक. भारत त्यांत नव्हता. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें पुण्यास महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली, तीस संघ आले तीन : मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश. पुढें १९७८ सालीं विश्वचषक भारतांतच भरला. डायना एडलजी कर्णधार होती. चार संघांच्या त्या स्पर्धेंत आपण तीनहि सामने हरलों. त्या काळच्या खेळाडू आगगाडीच्या बिनराखीव डब्यांतून प्रवास करीत आणि पदरचा पैसा घालून खेळत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखालीं हा खेळ आला तो २००६ सालीं.

येथें स्वतःविषयीं एक कबुली देतों. शाळेंत असतांना खेळांची बाजू बरींच वर्षें माझ्याकडे होती. आंतरशालेय सामन्यांच्या आधीं फळ्यावर संघाची यादी लावण्याचें काम माझें. मुलांची यादी दरवर्षीं लागे. मुलींची क्रिकेटची यादी माझ्या साऱ्या नोकरींत एकदांहि लागली नाहीं. एका मुलीनें एकदां कारण विचारलें, तेव्हां "अकरा मुली जमत नाहींत," असें मीं सांगितलें. जमतात कीं नाहीं हें मीं पाहिलें नव्हतें. पुण्यांत महाराष्ट्राचा महिलांचा संघ उभा राहिल्याला तेव्हां पंधरा-वीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

असो. २०२५ च्या यादीकडे पुन्हां येऊं. स्पर्धा सुरू होण्यापूर्वींच यास्तिका भाटिया हिला दुखापत झाली आणि राखीव यादींतून आसामची उमा छेत्री आंत आली. तेव्हां फारशी चर्चा झाली नाहीं. पुढें २६ ऑक्टोबरला बांगलादेशाविरुद्ध क्षेत्ररक्षण करतांना प्रतिका रावल हिचा पाय मुरगळला. तोंपर्यंत तिच्या ३०८ धांवा झाल्या होत्या, त्यांत न्यूझीलंडविरुद्धचें १२२ धांवांचें शतक. ह्या स्पर्धेंत भारताकडून तिच्याहून अधिक धांवा एका स्मृतीनेंच केल्या. वर दिलेली फोड आठवा : त्या पंधरा जणींत डावाचा आरंभ करणारी तिसरी हुकमी खेळाडू नव्हती. तेव्हां हांक गेली ती शफाली वर्मा हिला. ती पंधरांत नव्हती आणि राखीव सहांतहि नव्हती. ती त्या वेळीं सुरतेस राज्याराज्यांच्या वीस षटकांच्या स्पर्धेंत हरियाणाकडून खेळत होती.

येथें एक नियम समजून घेतला पाहिजे. स्पर्धा चालू असतांना यादींतलें नांव संघाच्या मर्जीनें बदलतां येत नाहीं. दुखापत खरी आहे काय, हें स्पर्धेची तांत्रिक समिति पाहते आणि मग अनुमति देते. अनुमति मिळाली, कीं नवें नांव आंत आणि जुनें बाहेर. संख्या पंधराच राहते. सोळावें नांव होत नाहीं. ही कडक व्यवस्था अवश्य आहे, नाहीं तर पायांत कांटा मोडला म्हणून सांगून वाटेल तेव्हां वाटेल ती खेळाडू बदलली गेली असती. पण नियमाला माणसाचें मन ठाऊक नसतें. २ नोव्हेंबरला नवी मुंबईस अंतिम सामना झाला. शफालीनें ८७ धांवा केल्या, शिवाय दोन बळीहि घेतले. दीप्तीनें ५८ धांवा करून पांच बळी घेतले. भारताच्या २९८ धांवांना दक्षिण आफ्रिकेचा संघ २४६ धांवांत सर्व बाद झाला. पदकें वांटलीं गेलीं तीं यादींतील पंधरा जणींना. प्रतिका चाकांच्या खुर्चींत बसून, खांद्यावर राष्ट्रध्वज घेऊन त्या आनंदांत सामील झाली होती, पण गळ्यांत पदक नव्हतें. उलट अरुंधती रेड्डी हिला साऱ्या स्पर्धेंत एकहि सामना खेळावयास मिळाला नव्हता, तरी ती यादींत असल्यानें पदकाची पूर्ण हक्कदार होती.

ह्यावर लोकांत फार बोललें गेलें. शेवटीं प्रतिकालाहि पदक मिळालें, हें तिनेंच पुढें सांगितलें, आणि सर्वांना बरें वाटलें. माझें मत विचाराल तर, अरुंधतीला पदक मिळालें ह्यांत कांहींच वावगें नव्हतें. जी महिनाभर रोज सराव करते, समोरच्या फलंदाजांची तयारी व्हावी म्हणून चेंडू टाकते आणि 'आज तूं नाहींस' हें ऐकून पुन्हां दुसऱ्या सकाळीं बूट बांधते, ती संघांतच असते. चुकतो तो नियमाचा दुसरा अर्धा भाग : जी खेळली, तिला तो विसरतो.

बाहेर बसण्याचें हें दुःख त्या संघांत सर्वांत चांगलें कोणास कळत असेल, तर तें प्रशिक्षक अमोल मुजुमदार ह्यांस. १९८८ सालीं शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्यांनीं ६६४ धांवांची भागी केली, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्या वेळीं पायांना पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून बसून राहिलेला मुलगा म्हणजे हे मुजुमदार. मोठेपणीं त्यांनीं प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धांवा केल्या, पण भारताच्या यादींत त्यांचें नांव कधींच आलें नाहीं.

शफाली ज्या स्पर्धेंतून थेट विश्वचषकांत आली, त्याच स्पर्धेंत, त्याच महिन्यांत, नागपुरास आणखी एक गोष्ट घडली होती. १७ ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या किरण नवगिरे हिनें पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक पुरें केलें. वीस षटकांच्या महिला क्रिकेटमध्यें जगांत कोणीहि इतक्या थोड्या चेंडूंत शतक केलेलें नव्हतें. ही किरण आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील मिरे गांवची. प्रथम भाला फेकणें, गोळा फेकणें हे तिचे खेळ. क्रिकेट मागाहून आलें. २०२२ सालीं ती पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडून खेळली. ईशान्येकडील नव्या संघांना बाहेरच्या खेळाडू घेण्याची मुभा असते, आणि आपल्या राज्याच्या गर्दींत दबलेल्या खेळाडूस ती एक वाटच होते. तेथें अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिनें ७६ चेंडूंत १६२ धांवा केल्या. भारतांतील कोणाहि महिलेनें वीस षटकांच्या सामन्यांत तोंवर दीडशेचा आंकडा ओलांडलेला नव्हता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत इंग्लंडमध्यें ती भारताकडून प्रथम खेळली, आणि ऑक्टोबरांत बांगलादेशांत सिल्हेट येथें झालेल्या आशिया चषकासाठीं तिची निवड झाली.

त्या स्पर्धेंत सात देश होते. अंतिम सामन्यांत आपण श्रीलंकेला ६५ धांवांवर रोखलें आणि आठ गडी राखून विजय मिळविला. त्या दिवशींच्या अकरा जणींत किरण नव्हती, पंधरांत होती. हा संघ जाहीर झाला तेव्हां त्याची चौकटहि नेहमींप्रमाणें वर्तमानपत्रांत आली. आरंभीं हरमनप्रीत, मग स्मृति, मग दीप्ति, अशी ती खालीं उतरत गेली होती, आणि 'के. पी. नवगिरे' हें नांव यादीच्या अगदीं अखेरीस होतें. माझ्या स्वतःच्या जिल्ह्यांतील तें नांव मीं त्या सकाळीं वाचलें नाहीं.