भिंतीवरची चालती ‘भोपळ्याची बी’

न्हाणीघराच्या दमट भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखे काहीतरी करड्या रंगाचे चिकटलेले दिसते. थोड्या वेळाने पाहावे तर ते पुढे सरकलेले असते! ‘डॉक्टर, हे चावतं का? याच्यामुळे रोग होतो का?’ असे पावसाळ्यात बरेच जण विचारतात.

ती बी म्हणजे एका छोट्या पतंगाच्या अळीचे घर. अळी रेशीम सोडते आणि त्यात वाळूचे कण, माती, धागे गुंफून साधारण ८ ते १४ मिलिमीटर लांबीची चपटी पिशवी विणते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते, त्यामुळे अळी कुठूनही डोके बाहेर काढू शकते.

या पतंगाची ओळख पटायला वेळ लागला. वॉल्सिंगहॅम यांनी १८९७ मध्ये त्याला ‘टिनिओला’ या प्रजातीत, म्हणजे कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्या जवळच्या नात्यात बसवले. १९३३ मध्ये बस्क यांनी तो वेगळी जाती समजून त्याला दुसरे नाव दिले. पुढे ही दोन्ही नावे एकाच पतंगाची ठरली. १९५६ मध्ये हिंटन आणि ब्रॅडली यांनी ‘फेरिओका’ ही स्वतंत्र प्रजाती केली. तिच्यात मोजक्याच जाती आहेत. तिचे कुल ‘टिनिइडी’. या कुलातल्या अनेक अळ्या बुरशीवर जगतात, म्हणून त्यांना बुरशी-पतंग म्हणतात.

कुल कळले की खाणेही कळते. पतंगांच्या बहुतेक अळ्या हिरवा पाला खातात. या कुलातल्या अळ्या मात्र बुरशी, कुजका कचरा, लोकर, पिसे यांवर जगतात. आपल्या भिंतीवरची अळी कोळ्याची जुनी जाळी, मेलेले किडे आणि गळलेले केस खाते. केसांतले केराटिन हे प्रथिन पचवणे फार थोड्या जिवांना जमते. गजकर्णाची बुरशीही त्याच केराटिनवर वाढते. पण ती जिवंत माणसाच्या त्वचेवर बसते, तर ही अळी आपण सांडलेल्या कचऱ्यावर भागवते.

म्हणून घाबरू नका. ही अळी रक्त पीत नाही आणि डासासारखा रोगही पसरवत नाही. तिच्यासाठी बंद खोलीत कीटकनाशक फवारले, तर दम्याच्या रुग्णाला आणि लहान मुलांना त्या फवाऱ्याचाच त्रास अधिक. पिशव्या झाडूने काढून टाका, जाळी-जळमटे झाडा, कपाटामागचे केस आणि धूळ पुसा, ओल येते तिथे दुरुस्ती करा, खिडकी उघडी ठेवा. खायला आणि ओलावा मिळाला नाही, तर ती तुमच्या घरी टिकणार नाही.

अंगावर पुरळ उठलेच, तर भिंतीवरच्या पिशवीला दोष देऊन घरी बसू नका. खरुज, ढेकूण, औषधाची ॲलर्जी अशी कारणे डॉक्टरांना तपासू द्या.