ढगळ कपड्यांचं पुढे काय?

वीस-पंचवीस किलो वजन उतरलेल्या माणसाला लोक आधी विचारतात, "काय केलंस?" आणि मग अंगावरच्या कपड्यांकडे बघून, "अल्टर का करून घेत नाहीस?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याला ठाऊक. दुसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रत्येक कपडा आत घेता येत नाही, आणि घेता आला तरी तो कधी घ्यायचा, हे आधी ठरवावं लागतं.

तर आधी 'कधी'. वजन उतरत असताना शिंप्याकडे धाव घेऊ नये. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात झपाट्याने उतरतं, नंतर वेग मंदावतो आणि साधारण दीड वर्षापर्यंत ते थोडं थोडं कमी होत राहतं. आहार-व्यायामाने उतरणारं वजन तर मध्येच अडतं, पुन्हा सुटतं. अशा काळात महिन्याला एकदा शिलाई उसवायची आणि पुन्हा मारायची म्हणजे कापडाला भोकं आणि खिशालाही. काटा सलग तीनेक महिने दोन किलोंच्या आतबाहेर राहिला, तर माप स्थिरावलं असं धरून चालावं.

मधला काळ नाडीवर काढावा. सलवार, पायजमा, परकर या कपड्यांची रचनाच अशी की सहा-आठ इंच सहज पचतात. पुरुषांनी एक-दोन साध्या पँटी आणि पट्ट्याला जादा भोकं एवढ्यावर निभवावं. या काळात महागाचं काही विकत घेऊ नये.

माप स्थिरावलं की कपाट एकदा पूर्ण रिकामं करून प्रत्येक कपडा अंगावर घालून बघायचा. हँगरवर बघून अंदाज येत नाही. बघायची पहिली जागा खांदा, कंबर नव्हे. शर्ट असो, कुर्ता असो, बाहीची शिलाई खांद्याच्या हाडावर हवी. ती अर्धा-पाऊण इंच खाली उतरली असेल तर चालतं, बाजूला टीप मारून कपडा वाचतो. दोन इंच खाली उतरली असेल तर बाही पूर्ण काढून, मुंढा नव्याने कापून पुन्हा बसवावी लागते. चांगला कारागीर ते करतो, पण त्याची मजुरी नव्या शर्टाच्या शिलाईच्या आसपास जाते. शिवाय कॉलर उरतेच. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये अख्खा पंजा जात असेल तर तो शर्ट सोडून द्यावा, कारण कॉलर लहान करण्यापेक्षा नवी लावणं सोपं, आणि नवी लावायला त्याच रंगाचं कापड कुठून आणणार?

पँटीचा हिशेब करून बघू. कंबर चाळीसची चौतीस झाली, म्हणजे सहा इंच काढायचे. शिंपी पँट मागच्या मधल्या शिलाईतून आत घेतो, कारण तिथे कापड जास्त सोडलेलं असतं आणि पट्टीलाही बहुधा तिथेच जोड असतो. दोन इंच तिथून सहज निघतात. तीन ओढूनताणून. सहाच्या सहा तिथूनच घेतले तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटतात, बाजूची शिलाई मागे ओढली जाते आणि समोरची इस्त्रीची घडी वाकडी पडते. लांबून बघितलं तरी कळतं की पँट दुसऱ्याची आहे. सहा इंच नीट काढायचे तर पट्टी उतरवायची, दोन्ही बाजूंतून आणि मागून थोडं थोडं घ्यायचं, मांडीतही त्याच प्रमाणात घ्यायचं. सुटाच्या पँटीसाठी हे करावं. रोजच्या वापरातल्या, गुडघ्यावर विटलेल्या पँटीसाठी करू नये. जीन्सचं आणखी वेगळं. मागची आडवी जोडपट्टी, जाड दोरा आणि दुहेरी शिलाई यामुळे घरच्या मशीनची सुई मोडते. ती जीन्सचंच काम करणाऱ्याकडे द्यावी.

शिंप्याला "दोन इंच आत घ्या" असं सांगू नये. नवं माप घ्यायला लावावं. वजन उतरतं ते सगळीकडून सारखं उतरत नाही. छाती पाच इंचांनी कमी होते, पण दंडाची कातडी सैल पडून लोंबते आणि बाहीचा घेर जेमतेम इंचभर कमी होतो. पोटाचंही तेच. त्यामुळे जुन्या मापातून सरसकट वजाबाकी केली की छातीत बरोबर बसलेला कुर्ता दंडात काचतो. आणि एक गोष्ट शिंप्याला आवर्जून सांगायची: आत घेतलेलं कापड कापू नका, आतच राहू द्या. वजन थोडंफार परत येणं ही सर्रास घडणारी गोष्ट आहे, आणि दोन इंचांची माया शिल्लक असली तर तेवढ्यासाठी नवा कपडा लागत नाही. जाड कापडात मात्र आतली घडी टोचते, तिथे कापायलाच हवं.

साडी नेसणाऱ्या बाईचं निम्मं कपाट या सगळ्यातून सुटतं. साडीला माप नसतं. चार किलो असो की चाळीस, फरक पडला तर एखादी निरी वाढते. परकराला नाडी असते, पण घेर फार झाला तर कमरेवर चुण्यांचा गठ्ठा होतो आणि साडी फुगते. सहा कळ्यांच्या परकराची एक कळी उसवून काढावी, नेफा तेवढा आखूड करावा, पाऊण तासाचं काम आहे. उरलेली कळी फडक्याला.

अडचण ब्लाउजची. बहुतेक ब्लाउजला बाजूला माया ठेवलेली असते ती वाढवण्यासाठी. कमी करताना दर बाजूला अर्धा इंच टीप मारली तर पुढचा-मागचा थर मिळून एका बाजूला इंचभर, दोन्ही बाजू धरून दोन इंच कमी होतात. इथवर ठीक. बेचाळीसचा ब्लाउज छत्तीसवर आणायला तीनपट घ्यावं लागतं, आणि मग मुंढा काखेत गोळा होतो, टक्स भलतीकडे सरकतात, गळा खांद्यावरून घसरतो. कटोरी ब्लाउजमध्ये तर कटोरीच मोठी राहते. असा ब्लाउज बाजूने दाबत बसण्यापेक्षा पूर्ण उसवून त्याच कापडातून नवा बेतावा. मोठ्या मापाच्या ब्लाउजमध्ये छत्तीसपुरतं कापड निघतं, बाह्या मोठ्या असतील तर त्यातूनही जोड मिळतो. पैठणीच्या किंवा लग्नातल्या साडीच्या काठाच्या ब्लाउजसाठी हा खटाटोप नक्की करावा, कारण तो काठ पुन्हा मिळणार नाही. साध्या रुबिया ब्लाउजसाठी करू नये, नवा मीटर आणावा.

बांगड्या, अंगठ्या यांच्याकडेही एकदा बघून घ्यावं. दोन-आठच्या बांगड्या घालणारीला दोन-सहा होऊ लागतात. अंगठीला दोरा गुंडाळून फिरणारे ती भाजी निवडताना हरवतात. सोनाराकडून मधला तुकडा काढून घ्यावा.

आता जे सुटलं, त्याचं काय? "पुन्हा जाड झालो तर" म्हणून सगळं ठेवणारे असतात, आणि "आता मागे वळून बघायचं नाही" म्हणून एका दुपारी सगळं देऊन टाकणारेही. मला पहिले जास्त समजूतदार वाटतात, पण त्यांनी एक पिशवी ठेवावी, कपाट नव्हे: एक चांगली पँट, दोन शर्ट किंवा दोन ड्रेस, एखादा सुट. बाकीचं बाहेर.

मोठ्या मापाचे चांगले कपडे खरं तर दुर्मीळ. तीन-एक्सेल मापाची बाई दुकानातून रिकाम्या हाताने परतते हे तुम्हाला अनुभवाने माहीत असतं. तेव्हा आधी ओळखीत बघावं. मात्र नणंदेला किंवा मैत्रिणीला थेट "तुला होतील" म्हणून पिशवी पुढे करू नये, ते लागतं. "माझे बरेच कपडे चांगले आहेत, कुणाला हवे असतील तर सांग" एवढंच म्हणावं, आणि तिने स्वतःहून विचारलं तर द्यावेत.

देण्याच्या कपड्यांना एक साधी कसोटी आहे: आज कुणी लगेच अंगावर घालू शकेल का? सलवारीत नाडी घातलेली हवी, बटणं जागेवर हवीत, ओढणीसकट पूर्ण जोडी एकत्र बांधलेली हवी. मापाची चिठ्ठी टाचणीने लावली तर वाटणाऱ्याचे कष्ट वाचतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत लोकांनी पाठवलेल्या निरुपयोगी कपड्यांचे ढीग पडून राहिले होते, ते उचलून त्यांचा उपयोग लावण्याचं काम 'गूंज' या संस्थेने केलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही संस्था कपडे फुकट वाटत नाही. गावाने विहीर खणली, रस्ता दुरुस्त केला की त्या श्रमांचा मोबदला म्हणून ते देते, आणि घालण्याजोगं नसलेल्या सुती कापडापासून सॅनिटरी पॅड बनवते. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्थाही जुने कपडे गोळा करते.

बोहारीण अजून काही गल्ल्यांतून येते. तिचा व्यवहार दानाचा नाही, रोखठोक आहे, आणि म्हणूनच मला तो आवडतो. ती पँट उजेडात धरते, बैठकीत कापड विरळ झालंय का बघते, कॉलरची आतली बाजू उलटते, आणि मग स्टीलच्या पातेल्याची गोष्ट काढते. पुरुषांच्या पँट-शर्टांना भाव बरा मिळतो, एकट्या ब्लाउजला जवळजवळ नाही. या धंद्यात गुजरातकडून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका पूर्वापार आहेत. दिल्लीत त्यांचा माल रघुबीर नगरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात पहाटे अंधारात विकला जातो.

मऊ झालेले सुती कपडे विकूही नयेत. ढगळ कुर्त्यात पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक निघतो, आणि उरलेल्यातून गोधडीचे थर. गोधडीला सिंथेटिक घालू नये, थर सरकतात आणि घाम टिपत नाहीत.

अगदी फाटकं, विटकं ते शेवटी भंगारात जातं. त्यातला मोठा वाटा हरयाणातल्या पानिपतला पोचतो. तिथे बटणं-चेन काढून कपडे रंगानुसार वेगळे करतात, म्हणजे सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. मग ते फाडून, पिंजून त्याचं सूत आणि सुताच्या चादरी-घोंगड्या होतात. ताणली जाणारी लेगिंग, स्ट्रेच जीन्स यांचं सूत मात्र नीट निघत नाही, त्यातला रबरासारखा धागा पिंजताना गुंततो. जाड असताना आरामशीर वाटल्या म्हणून घेतलेल्या अर्धा डझन लेगिंगना म्हणून बोहारीणही नाक मुरडते. त्या कुणी घालण्याजोग्या असतील तर आधी द्याव्यात, नसतील तर कापून गाडी पुसायला ठेवाव्यात.