विहारातली टकटक

पेन्शनीनंतर सुभेदार रामजींनी ज्या दापोलीत बिऱ्हाड केले, तिथल्या आमच्या विहारात महिनाभर टकटक चालू आहे. वस्तीतल्या दोन मुली टायपिंगच्या परीक्षेत वेगात मागे पडल्या. म्हणून जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या दोन हजारांत आम्ही मेकॅनिकल कीबोर्ड आणि माऊसचा जोड आणला.

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली बहुधा रबराची एकच चादर असते. यात प्रत्येक बटणाला वेगळी स्प्रिंग. अक्षर उमटले ते बोटालाच कळते. टाइपरायटरवर शिकलेल्या आम्हाला हे लगेच मानवले. माऊस मात्र बेताचाच.

उणिवा दोन. आवाज फार, म्हणून वंदनेच्या वेळी बंद. आणि बटणांवर मराठी अक्षरे नाहीत. ती चिकटवून घेतली. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. मुली आठवड्यात सरावल्या.

लिपिकाच्या सरकारी नोकरीला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी संस्थेत नाव घालावेच लागते. पण हात विहारातही बसतो. पालकांनो, ऐपत नसेल तर साधा कीबोर्ड घ्या. वेग यंत्रात नसतो, रोजच्या एका तासात असतो.